यंत्राने लावलेली यादी आणि मराठीचा क्रम



 खानदेशभरातल्या ग्रंथपाल, सूचिकार, मुद्रितशोधक आणि डीटीपी करणाऱ्यांचा हा मेळावा पहूरला आहे, हे विषयाच्या दृष्टीने योग्यच झाले. जळगावहून अजिंठ्याकडे जाताना लागणारे हे गाव कागदोपत्री एक नाही. पहूर पेठ वेगळे, पहूर कसबे वेगळे. शिवाय कुणी 'पहूर' लिहितो, कुणी 'पहुर'. नोंदवहीत हे सगळे एकाच गावाविषयी आहे, हे इथल्या कारकुनाला न सांगता कळते. संगणकाला ती चार निरनिराळी नावे असतात, आणि ती यादीत कुठे ठेवायची हे तो स्वतःच्या नियमाने ठरवतो. आज मला त्या नियमाविषयी बोलायचे आहे.

आपल्या कामातले लेखन आता वहीत राहिलेले नाही. ग्रंथसूची, सभासदांची यादी, माहितीपुस्तिका, स्मरणिकेतली नावे असा सगळा मजकूर आपण सॉफ्टवेअरमध्ये भरतो आणि एक कळ दाबतो. क्षणात यादी लागते. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाच्या काळात हे काम माणसे हाताने करत. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. त्याची सुरुवात 'अंक' या नोंदीने होते, म्हणजे अनुस्वार आधी घ्यायचा हे संपादकांनी विचार करून ठरवले होते. आज हा निर्णय आपल्या नकळत घेतला जातो.

कसा, ते पाहू. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. देवनागरीच्या या क्रमांकांची मांडणी युनिकोड या आंतरराष्ट्रीय मानकाने 'इस्की' या भारतीय मानकावरून घेतली, आणि इस्कीचा तक्ता निरनिराळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच होता. त्या सामाईक तक्त्यात ळ हे अक्षर ल च्या शेजारी, व च्या आधी बसले. आपल्या वर्णमालेत ळ ची जागा ह नंतर आहे. सॉफ्टवेअरने नुसते क्रमांक पाहून यादी लावली, की 'केळी' हा शब्द 'केवडा', 'केशर', 'केस' या तिघांच्या आधी येतो. मराठी क्रमाने तो तिघांच्या नंतर यायला हवा. केळीच्या मुलखात केळीच चुकीच्या जागी जाते! आडनावांतही तेच. 'कासार' आधी आणि 'काळे' नंतर हा आपला क्रम, यंत्राचा बरोबर उलटा.

ही चूक लपून राहते, म्हणून ती जास्त त्रासदायक आहे. जळगाव जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांची यादी लावून पाहा. अमळनेर, चाळीसगाव, जळगाव, पारोळा, भुसावळ अशा पाच नावांत ळ आहे, तरीही यादी बिनचूक लागते, कारण त्या नावांचा क्रम ळ पर्यंत जाण्याआधीच ठरून जातो. आपण समाधानाने मान डोलावतो आणि त्याच सॉफ्टवेअरवर दहा हजार पुस्तकांची सूची सोपवतो. मग वाचक नेमक्या जागी पाहतो, पुस्तक सापडत नाही, आणि ते आपल्याकडे नाही असे समजून निघून जातो. ग्रंथालयाचे याहून मोठे नुकसान मला माहीत नाही.

ॲ ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. शासनाने २००९ साली वर्णमाला निश्चित केली, तेव्हा ॲ ला ए आणि ऐ यांच्यामध्ये जागा दिली. युनिकोडमध्ये मात्र हे अक्षर २००८ साली उशिरा दाखल झाले आणि त्याचा क्रमांक ह च्याही पुढचा आहे. त्यामुळे 'ॲसिड' हा शब्द 'हळद'च्या मागे जाऊन पडतो. कुणी तेच अक्षर अ वर चंद्र देऊन टंकते, कुणी हिंदी कळफलकावरचे ऍ वापरते. डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही, पण एकच शब्द यादीत तीन ठिकाणी विखुरतो. रावेर तालुक्यातल्या केऱ्हाळे या गावाच्या नावाचेही तसेच, कारण ऱ्ह दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्या प्रकारची नोंद हाती लागेलच असे नाही. युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टांतल्या मजकुराची तर दैनाच. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, म्हणून 'किनगाव' आणि 'निंभोरा' वेलांटीच्या नावाखाली शेजारी येऊन बसतात.

यावर उपाय आहे, आणि तो महाग नाही. युनिकोडने भाषावार क्रमाचे नियमही तयार केले आहेत. त्यांत मराठीचा नियम वेगळा आहे आणि तो ळ ला ह नंतर बसवतो. तो लागू व्हायला सॉफ्टवेअरमध्ये यादीची भाषा 'मराठी' निवडलेली असावी लागते. बहुतेक ठिकाणी ती इंग्रजी नाहीतर हिंदी असते, कारण कुणी बदललेलीच नसते.

परंतु सगळा दोष यंत्रावर टाकणे मला मान्य नाही. 'क्षमा' हा शब्द क मध्ये शोधायचा की ज्ञ च्या अलीकडे? शाळेच्या वर्णमालेत क्ष शेवटी आहे, काही शब्दकोशांत तो क च्या पोटात सापडतो. दोन्हींना आधार आहे. सूची करणाऱ्याने एक बाजू निवडून ती सूचीच्या पहिल्या पानावर छापली पाहिजे. बोलींच्या कोशांत तर हे काम फक्त माणूसच करू शकतो. अहिराणीत डोळ्याला 'डोया' म्हणतात. यंत्र या दोन शब्दांना एकमेकांपासून दूर ठेवणार, त्यांचे नाते 'पाहा' लिहून जोडायचे ते आपणच. तावडी, लेवा, अहिराणी यांचे शब्द गोळा करणारे अनेक तरुण इथे बसले आहेत, त्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

आणि काही मजकूर यंत्राच्या हाती देऊच नये. माहितीपुस्तिका लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकरणे आपोआप अकारविल्हे लावण्याची सोय असते. ज्वारीवरच्या पुस्तिकेला ती लावली, तर कापणी पहिली, नांगरणी दुसरी, पेरणी तिसरी. शेतकऱ्याने ती कशी वाचावी? प्रकरणांना आकडे दिले तरी पुष्कळ ठिकाणी १ नंतर १० येतो आणि २ मागे राहतो. कामाचा क्रम शेतातून येतो, अक्षरांतून नव्हे. तिथे लेखकाने लावलेला क्रमच कायम राहिला पाहिजे.

माझी आपणांस विनंती आहे. आपल्या ग्रंथालयात परतल्यावर संगणकावर केवडा, केळी, केस हे तीन शब्द टाका आणि यादी लावून बघा. केळी शेवटी आली नाही, तर भाषेची निवड बदला, आणि तशी सोयच नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारा. ग्रंथालय संचालनालयाला आणि भाषा संचालनालयाला माझे आवाहन आहे की, सार्वजनिक पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या खरेदीच्या अटींत 'यादी मराठी वर्णक्रमाने लागली पाहिजे' ही एक ओळ घालावी. ती घातली जाईपर्यंत आपण ही मागणी करत राहू.