लादी पुसणं हा व्यायाम नव्हे

(वसंतातील व्याख्यानमालेत झालेले व्याख्यान)



पत्रिकेवर 'गरोदरपणात घरच्या घरी व्यायाम' असा विषय छापलाय. व्यायाम करावा की नाही, या वादात मी शिरत नाही. तो मिटलेला आहे. १९८५ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं होतं की नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नका. १९९४ मध्ये तिनंच ती मर्यादा काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून निरोगी गरोदर बाईला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते. त्यानं मधुमेहाची आणि वाढत्या रक्तदाबाची शक्यता कमी होते, हे तुम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे. पुढे जाऊ.

मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सातव्या महिन्यातली मुलगी कंबर धरून माझ्याकडे येते, सोबत सासूबाई असतात, कधी आई. मी विचारते, व्यायाम काय करतेस? तिनं तोंड उघडायच्या आत सोबतच्या बाई सांगतात, "अहो, घरातलं सगळं तीच करते. लादीसुद्धा उकिडवं बसून हातानं पुसते. आणखी वेगळा व्यायाम कशाला?"

(हशा)

हसलात, म्हणजे हे वाक्य तुमच्याही घरात बोललं गेलंय. लादी पुसली की बाळंतपण सुखरूप होतं, हेही त्याला जोडूनच येतं. त्याला भरवशाचा पुरावा नाही. तरी पिढ्यान् पिढ्या ते सांगितलं जातं, आणि ओल्या फरशीवर, पोट पुढे आलेलं असताना, तोल बदललेला असताना बायका फडकं घेऊन बसतात.

तिसऱ्या रांगेतल्या ताई मान हलवताहेत. त्यांचा आक्षेप मला कळतो, आणि तो बरोबरही आहे. जागतिक आरोग्य संघटना घरकामसुद्धा हालचालीत धरते. बैठं आयुष्य असलेल्या बाईनं झपाझप केर काढला तर फायदा होईलच. घरकामाला मी हलकं लेखत नाही; ते किती जड आहे हे सांगायलाच मी आलेय. माझा मुद्दा एवढाच की व्यायाम हवा तेव्हा थांबवता येतो. दम लागला, पोट ओढल्यासारखं वाटलं, चक्कर आली, की बाई थांबते, पाणी पिते, कुशीवर पडते. पोळ्यांचं तसं नाही. चार जण ताटावर बसलेत, तवा तापलाय, आणि तिच्या पोटाला ताण बसला. ती थांबते का? ओट्याला टेकून उरलेल्या सहा पोळ्या लाटून मगच थांबते. शरीर थांब म्हणत असताना जे थांबवता येत नाही, ते तिच्या व्यायामात धरू नका.

याला आपल्या पुण्याजवळचा आधार आहे, तो सविस्तर सांगते. १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या अभ्यासाचं नाव निघालं की लोकांना आठवतात ती बारीक दिसणारी, पण चरबी राखून असलेली बाळं. पुण्याकडचं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं. ते प्रसिद्धच आहे. पण त्याच अभ्यासातला एक भाग २००३ मध्ये आघारकर संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्यांनी या बायकांना विचारलं की तुम्ही दिवसभर काय करता? शेतातलं काम किती, विहिरीवरून पाणी किती आणता, घरातलं किती, झोप किती? उत्तरांवरून प्रत्येकीच्या श्रमाचा अंदाज बांधला, आणि पुढे जन्मलेल्या बाळांची मापं त्याच्याशी ताडून पाहिली.

ज्यांचे श्रम जास्त, त्यांच्या बाळांचं वजन कमी भरलं. डोक्याचा घेर कमी, दंडाचा घेर कमी. आईचं आधीचं वजन वगैरे हिशेबात घेऊनही हा संबंध टिकला. फरक डोंगराएवढा नव्हता, पण मुळात २.७ किलोच्या बाळाला किती कमी परवडतं?

"पूर्वीच्या बायका शेतात राबत होत्या, बांधावर बाळंत होत होत्या आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागत होत्या," असं अभिमानानं सांगितलं जातं. कामाला लागत होत्या, खरं आहे. त्यांच्या बाळांना तेव्हा वजनकाट्यावर कुणी ठेवलं होतं? या सहा गावांत ठेवलं, आणि काट्यानं जे दाखवलं ते मी सांगितलं.

(टाळ्या)

मधल्या रांगेतून चिठ्ठी आलीय: 'मग व्यायामानंही बाळ बारीक होईल ना?' चांगलं विचारलंत. त्या बायका मुळात बारीक होत्या, अंगावर राखीव काही नव्हतं, आणि पाण्याची खेप अर्ध्या वाटेवर सोडता येत नव्हती. पोटभर खाणाऱ्या, पुरेशी झोपणाऱ्या निरोगी बाईनं अर्धा तास केलेला व्यायाम बाळाला लहान करत नाही, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. पण देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ५२.२ टक्के आहे. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या घ्या, आणि घरातल्या कामाचा भार खरोखर कमी करा. मग व्यायाम. सासरी काम आणि माहेरी गेल्यावर "हलू नकोस, पडून राहा", यात तिचा स्वतःचा अर्धा तास कुठेच बसत नाही. तो तिच्या कामातून वजा करून द्यावा लागेल. त्या अर्ध्या तासात भाजी मुलानं चिरायची.

(हशा. "ऐकलंस का रे!" असा आवाज)

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. दहा मिनिटं म्हणतात. प्रत्यक्ष व्यायाम राहिलाच आहे, भरभर सांगते.

डॉक्टरांना विचारून सुरू करा. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा जुळं असेल, तर त्यांच्या परवानगीशिवाय काहीही नको. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात. गॅलरीत, गच्चीवर चालणं सगळ्यांत सोपं. चालताना बोलता आलं पाहिजे; बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर, पंखा लावून, पाण्याची बाटली जवळ ठेवून.

भिंतीवरचे जोर: भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेका, कोपरं वाकवत श्वास घ्या, ढकलताना सोडा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा. हातापायांवर येऊन पाठ गोल करा, पुन्हा सरळ करा. कंबरेला याइतकं बरं दुसरं कशानं वाटत नाही. आणि रोज तीनदा ओटीपोटाखालचे स्नायू: लघवी रोखतो तसे आत-वर ओढा, पाच-सात सेकंद धरा, पूर्ण सैल सोडा. प्रत्यक्ष लघवी करताना हे करू नका. पुढे शिंकताना-खोकताना लघवी सुटू नये म्हणून हा व्यायाम आहे, आणि कोणतीही लादी तो करून देत नाही. श्वास कशातही कोंडायचा नाही. चौथ्या महिन्यापासून पाठीवर उताणं पडून व्यायाम नको. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि घेरी येते. स्टुलावर चढून माळा आवरणं तर अजिबात नको.

रक्त दिसलं, पाणी गेलं, छातीत दुखलं, डोकं खूप दुखलं, एकाच पोटरीला सूज येऊन दुखू लागली, ठरावीक वेळानं कळा येऊ लागल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच क्षणी थांबा आणि दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतरचं बोलायचं राहिलं, त्याला आता वेळ नाही. आभारप्रदर्शन झालं की मी बाहेर व्हरांड्यात थांबते. तिथे मोकळी भिंत आहे. ज्यांना जोर करून पाहायचेत त्यांनी यावं, आणि सोबत आलेल्या सासूबाईंनीही यावं.