मोटारसायकलीची पुढली कांच किती उंच असावी?

सावंतवाडींत मोती तलावाच्या कांठानें मोटारसायकल हांकणाऱ्यास पुढल्या कांचेची फारशी आठवण होत नाहीं. तोच मनुष्य श्रावणांत दाणोली मागें टाकून आंबोलीचा घाट चढूं लागला, कीं त्याची सारी भिस्त नजरेवर येते, आणि नजरेच्या वाटेंत ती कांच उभी असते. आंबोली सुमारें ६९० मीटर उंचीवर आहे. तेथें वर्षाकांठीं सरासरीनें ७,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि धुकें तर रस्त्यावरच बसलेलें असतें.

कांच जितकी उंच तितका निवारा अधिक, अशी पुष्कळांची समजूत असते. उघडिपींत ती खपून जाते; पावसांत घातक ठरते. मोटारीच्या कांचेवरील पाणी पुसण्यास दांडा असतो, मोटारसायकलीच्या कांचेला तो सहसा नसतो. कांच डोळ्यांसमोर आली, कीं तिच्यावरचे थेंबही डोळ्यांसमोर आले. त्यांतून रात्रीं समोरच्या गाडीचा झोत पडला, तर थेंब न् थेंब चमकूं लागतो आणि वळणावरचा कठडा दिसेनासा होतो. यासाठीं स्वारानें कांचेतून नव्हे, कांचेवरून पाहावें. वरची कड त्याच्या नाकाच्या शेंड्याशीं, किंवा किंचित् खालीं, असावी. कांच मागें कललेली असल्यानें वारा तिच्या कडेवरून वर उसळतो व शिरस्त्राणाच्या माथ्यावरून निघून जातो. कड त्याहून उंच नेण्याचें कारणच उरत नाहीं.

फार ठेंगणी कांचही उपयोगाची नव्हे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ४० किलोमीटरांचे ८० झाले, कीं छातीवरील दाब चौपट. पण खरा त्रास मधल्या, अर्धवट उंचीचा. कडेवरचे भोंवरे नेमके शिरस्त्राणावर आदळतात आणि मान अवघडून जाते.

विक्रेत्याच्या अंदाजावर विसंबूं नये. सारख्या उंचीच्या दोघांपैकीं एकाचे पाय लांब, दुसऱ्याचें धड लांब, असें असतेंच. आपल्याच गाडीवर, नेहमींच्या बैठकीनें, शिरस्त्राण घालून बसावें आणि दुसऱ्याकडून फितीनें माप घ्यावें. मग सरळ, मोकळ्या रस्त्यावर पाठ क्षणभर ताठ करून पाहावी. वाऱ्याचा गोंगाट कमी झाला, तर कांच बोट-दोन बोटें ठेंगणी हवी. किंचित् वांकल्यावर कमी झाला, तर तितकीच उंच.

कांच म्हणावयाची एवढेंच. बहुधा ती प्लॅस्टिकची असते. जांभ्याची तांबडी धूळ तिच्यावरून कोरड्या फडक्यानें पुसली, तर ओरखडे कायमचे राहतात. आधीं भरपूर पाणी ओतावें, मगच मऊ कापड लावावें.