एकट्या पेटीवर नाट्यपद



आज ज्या वाद्याबद्दल बोलायचं आहे, त्याला रेडिओनं तब्बल ३१ वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. तेव्हा रेडिओचे प्रमुख होते लायोनेल फील्डन. त्यांच्याकडे पाश्चात्त्य संगीताचा विभाग पाहणारे संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध आधीच रान उठवलं होतं, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी तर कोलकाता केंद्राला पत्र लिहून पेटी हद्दपार करा असं सुचवलं होतं. १९७१ मध्ये बंदी सैल झाली, पण ती साथीपुरती आणि तीही अटी घालून. एकल वादनाला दार पुढेही बराच काळ बंदच राहिलं.

आक्षेप मुख्यतः दोन होते. पेटीवर मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, हा पहिला. दुसरा असा, की तिचे सूर कारखान्यातून ठरूनच येतात, रागाप्रमाणे ते चढवता-उतरवता येत नाहीत. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. पेटीवाले चिडून वाद घालतात, पण वादात अर्थ नाही. या दोन उणिवा हाताशी घेऊनच चांगला पेटीवादक काम करतो, आणि ते काम उघडं पडतं ते साथीत नव्हे, एकट्यानं वाजवताना. साथीत चुका गायकाच्या आवाजाखाली लपतात. एकट्यानं वाजवायला बसलात की गायकही तुम्ही आणि साथीदारही तुम्हीच.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात पेटी शिकणाऱ्यांना तोटा नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसणारी मुलं आहेत, निवृत्त होऊन पहिल्यांदाच भात्याला हात लावणारे काका-काकू आहेत, संध्याकाळी ७.१०ची लोकल पकडून घरी येऊन तासभर बसणारे नोकरदार आहेत. यातले बहुतेक जण अलंकार वाजवतात, राग वाजवतात, भजनाला साथ करतात. पण पाहुणे आले आणि कुणी म्हणालं, ‘जरा काही वाजवून दाखव ना’, की गडबडतात. वाजवतात ते गाण्याची नुसती चाल असते आणि ती पोकळ वाटते. बोटं तर बरोबर पडतात, मग बिघडतं कुठे?

याचं उत्तर शोधताना मला पियानोवर जॅझ वाजवणाऱ्यांकडे पाहावंसं वाटतं. त्यांच्यापुढे हाच प्रश्न असतो. त्यांचं शिक्षण ज्या गाण्यांवर होतं त्यांना ते ‘स्टँडर्ड’ म्हणतात, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेली, शंभर जणांनी शंभर तऱ्हांनी वाजवलेली गाणी. गंमत अशी की यातली कित्येक गाणी नाटकांतली आहेत. जेरोम कर्न या संगीतकाराचं ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ हे संगीत नाटक १९३९ मध्ये न्यूयॉर्कला रंगभूमीवर आलं आणि ५९ प्रयोगांत आटोपलं. नाटक आज कुणाला आठवत नाही, पण त्यातलं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे पद जगातला जवळजवळ प्रत्येक जॅझ पियानोवादक आयुष्यात केव्हा तरी वाजवतोच.

हे ऐकताना मराठी श्रोत्याला ओळखीचं वाटेल. ‘मानापमान’ १९११ मध्ये आलं, ‘स्वयंवर’ १९१६ मध्ये. ही नाटकं पूर्ण प्रयोगात आज किती जणांनी पाहिली आहेत? पण त्यांतली पदं गणपतीत, सोसायटीच्या वर्धापनदिनाला, गडकरी रंगायतनला, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात अजून वाजतात. आपली स्टँडर्ड्स ती हीच. आणखी एक. ‘मानापमान’च्या चाली बांधल्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि ते मुळात पेटीवादक. पेटीला साथीच्या जागेवरून उठवून मैफलीत एकटं बसवणाऱ्यांत त्यांचं नाव आधी घेतात. म्हणजे नाट्यसंगीतातल्या काही उत्तम चाली पेटी वाजवणाऱ्या बोटांच्या माणसाकडून आलेल्या आहेत. त्या पेटीवर शोभतात यात नवल नाही.

ओळखीचं पद निवडण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. पद ऐकणाऱ्याच्या मनात शब्द आधीच असतात. तुम्ही पहिल्या तीन सुरांवर आलात की समोरचा माणूस मनातल्या मनात गायला लागतो. जे तो गातोय ते पुन्हा सगळं वाजवून दाखवायची गरज उरत नाही. पोकळ वाटतं ते इथेच. नवशिका सगळे सूर वाजवतो, एकाच जोरानं, ओळीमागून ओळ.

जॅझ पियानोवाला काय करतो पाहा. त्याच्याकडे गाण्याचा एक कागद असतो. त्यावर फक्त चाल लिहिलेली असते आणि वर संवादी सुरांच्या गटांची, म्हणजे कॉर्डची, चिन्हं. बाकी सगळं त्यानं ठरवायचं. चार सुरांचा गट असेल तर आपल्या भाषेत सा, ग, प, नि. शिकाऊ माणूस चारही दाबतो. जाणता माणूस डाव्या हातात सा, ग आणि नि ठेवतो आणि पंचम सोडून देतो, कारण पंचम कान स्वतःच भरून घेतो. उरलेली बोटं चालीच्या मधल्या फटी भरायला मोकळी होतात. असं तयार वाजवलेलं एखादं गाणं जसंच्या तसं उचलायचं, मग त्यातला डावा हात बदलायचा, मग पट्टी बदलायची, असा त्यांचा अभ्यास चालतो. आर्ट टेटम हा जॅझ पियानोतला बाप माणूस. डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तोही असाच, आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रं पाडलेल्या गुंडाळ्या आणि रेडिओ ऐकून शिकला.

आता यातलं किती आपल्या कामाचं? डावा हात पेटीवाल्याकडे नाहीच. तो भात्याला जुंपलेला असतो. पायपेटीवर, म्हणजे नाटकातल्या ऑर्गनवर, दोन्ही हात मोकळे मिळतात. बालगंधर्वांच्या कंपनीत हरिभाऊ देशपांडे तसे वाजवत. घरच्या पेटीवर ती चैन नाही. शिवाय स्वभावही उलटा. पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून विरायला लागतो, म्हणून पियानोवाला सतत नवीन सूर घालून तो जिवंत ठेवतो. पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत विरतच नाही. पियानोवाल्याला सूर टिकवण्याची काळजी, आपल्याला तो सोडायचा कधी याची. डावा हात गेला म्हणून रडत बसू नका. भाता हाच आपला डावा हात, आणि त्याच्याकडे पियानोकडे नसलेली एक गोष्ट आहे, श्वास.

एक पद हातात घेऊन सांगतो. ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’. राग यमन, चाल भास्करबुवा बखल्यांची, गायलं बालगंधर्वांनी.  पहिले तीनच शब्द घ्या. ‘ना’ हा लांब आकार. पट्टी दाबा आणि भाता एकदम न दाबता हळूहळू वाढवा, म्हणजे सूर फुगत येईल. ‘थ’ला गायकाच्या तोंडून हवेचा एक झटका येतो. तिथे पट्टी क्षणभर सोडून परत दाबायची, बोट वर फार न उचलता. ‘हा’ला मात्र तसं काही करू नका, भात्याला हाताचा एक हलका दाब पुरे. ‘माझा’तल्या ‘झा’ला पुन्हा बोट. आता प्रत्येक अक्षराला पट्टी ठोकून बघा. टाइपरायटर वाजतो. आणि सगळं एकसंध ओढून बघा. शब्द वितळून जातात, ऐकणाऱ्याला आपलं गाणं सापडत नाही. कुठल्या अक्षराला बोट आणि कुठल्याला भाता, हे ठरवणं म्हणजे पद बसवणं. स्वरलिपीच्या पुस्तकात यातलं काही लिहिलेलं नसतं, लिहिता येण्यासारखं नाहीच ते.

दुसरी गोष्ट यमनच्या गंधाराची. दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० भागांचं धरलं, तर नेहमीच्या पेटीचा गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ भाग चढा असतो. पंचमाचा फरक जेमतेम २ भागांचा, तो कुणाला खटकत नाही. म्हणून षड्ज-पंचम खुशाल धरून ठेवा, पण गंधारावर उघडे बसू नका. रिषभाचा कण लावून त्यावर या, किंवा तीव्र मध्यमावरून खाली उतरा आणि निघा. यमन गाताना गायक गंधारावर मुक्काम करतो, तो मुक्काम पेटीवाल्यानं तोडून दोन-तीन छोट्या भेटींत वाटावा. काही कारागीर ‘गांधार ट्यूनिंग’ करून देतात. त्यानं ठरावीक पट्टीत गंधार गोड लागतो, पण पट्टी बदलली की दुसरेच सूर बोचायला लागतात. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी तर यावर २२ श्रुतींची पेटी बनवली. षड्ज आणि पंचम सोडून बाकी १० सुरांना प्रत्येकी दोन श्रुती, पट्टीखालच्या नॉबनं निवडायच्या. पेशानं ते औषधशास्त्राचे डॉक्टर, आणि पेटी शिकले पं. गोविंदराव पटवर्धनांकडे.

गोविंदरावांचं नाव निघालंच आहे तर थांबू या. एकट्या पेटीवर नाट्यपद कसं वाजवावं याचा त्यांच्या वादनाहून चांगला धडा मला माहीत नाही. छोटा गंधर्व, वसंतराव देशपांडे, आणि आपल्या ठाण्यात राहिलेले पं. राम मराठे, ज्यांच्या नावे ठाणे महानगरपालिका संगीत महोत्सव घेते, अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या गळ्यांना त्यांनी साथ केली. साथ करता करता त्या गळ्यांच्या जागा बोटांत मुरल्या. पुढे ते एकटे वाजवायला बसत तेव्हा नुसतं पद ऐकू येत नसे, कुणाचं पद आहे तेही कळत असे. राम मराठ्यांची चपळ, लयीला भिडणारी तान आणि छोटा गंधर्वांचं नाजूक वळण, दोन्ही त्याच पट्ट्यांवर, त्याच भात्यावर. मींड नसलेल्या वाद्यावर मींडेचा भास ते दोन सुरांच्या सांध्यात निर्माण करत. मागचा सूर सुटायच्या आत पुढचा लागतो आणि त्याच क्षणी भाता किंचित सैल पडतो. ध्वनिमुद्रणं मिळतात, हेडफोन लावून ऐका. हा सांधा लाऊडस्पीकरवर निसटतो.

म्हणून शिकण्याची वाट माझ्या मते अशी. एका वादकाचं एक पद घ्या आणि ते पूर्ण उचला. दहा पदांचे मुखडे नकोत, एकच पद, शेवटच्या तिहाईपर्यंत. पेटीवादक पी. मधुकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लोकांनी अशाच घासून घासून ऐकल्या. तुळशीदास बोरकर त्यांच्याकडे शिकले. २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेले हेच बोरकर, मूळचे गोव्यातल्या बोरीचे. त्यांची पेटी गुरूची नक्कल वाटत नाही, पण मुळाशी गुरूची बोटं आहेत हे ऐकू येतं. नक्कल करायला लाजणारे विद्यार्थी मला कळत नाहीत. स्वतःचं काही सुचायला आधी दुसऱ्याचं काही हातात असावं लागतं. शिवाय नक्कल करताना तुम्हाला प्रश्न पडू लागतात: या ओळीत वादक मधेच का थांबला? अंतऱ्याला सप्तक का बदललं? इथे तर गायक तान घेतो, यानं का नाही घेतली? उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं. तिथे श्रोता स्वतः गात होता.

या अभ्यासात पेटीच्या स्केल चेंजरबद्दल माझं मत कडक आहे. कळ सरकवली की पट्ट्यांची अख्खी रांग हलते आणि बोटं जिथल्या तिथे राहतात. साथीला हे उपयोगी, गायक ऐनवेळी पट्टी बदलतो. अभ्यासात मात्र त्याला हात लावू नका. ‘नाथ हा माझा’ काळी एकमध्ये बसलं की पांढरी चारमध्ये बसवा, मग काळी पाचमध्ये. बोटांची सवय मोडली की कान कामाला लागतो. जॅझवाले प्रत्येक गाणं बाराही पट्ट्यांत घोटतात, आपण निदान तीन तरी घोटू. ज्यांच्याकडे इमारतीच्या भिंती पातळ म्हणून इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे, त्यांनी भात्याचा सराव मात्र पेटीवरच करावा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं की ते सहन करतात, डोंबिवलीत तरी करतात.

आणि पद बसल्यावर एक परीक्षा आहे, ती आपल्या रंगभूमीनंच घालून दिली आहे. वन्स मोअर. बालगंधर्वांना वन्स मोअर मिळत आणि ते तेच पद परत म्हणत, पण तसंच कधी म्हणत नसत. घरी बसलेल्या चार माणसांपुढे वाजवून झालं आणि कुणी ‘पुन्हा एकदा’ म्हणालं, तर तुमच्याकडे दुसरं काय आहे? निदान एक ओळ तरी वेगळी निघाली पाहिजे. पहिल्या वेळी जिथे तान घेतली तिथे या वेळी नुसता भाता फुगवून पुढे जा, किंवा अंतरा खालच्या सप्तकात घ्या, किंवा मुखड्याचा पहिला शब्द गाळून थेट समेवर या. हे आधी लिहून काढू नका. पहिली वेळ पाठ असू द्या, दुसरी नको.