पॅलेटचा पाट

(मंडळाच्या २०२५ च्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात 'माझा छंद' या भागात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, फक्त दोन विनोद काढलेत.)



कार्यकारिणीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. पण मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे दहातच आवरतो.

आधी एक कबुली. मी कॉम्प्युटर इंजिनियर. फर्स्ट इयरला 'वर्कशॉप' नावाचा विषय होता, इथल्या निम्म्या लोकांना तो होताच. सुतारकामात एक जॉब करायचा: दोन ठोकळे अर्धे अर्धे कोरून एकमेकांत बसवायचे. माझा जॉब मी केलेला नाही. एका सीनियरचा जुना घेतला, पॉलिश पेपरने त्याचा रोल नंबर घासून काढला आणि माझा टाकला. २५ पैकी १९ मार्क मिळाले! त्यानंतर २०२४ पर्यंत लाकडाशी माझा संबंध आला तो खोक्यातून येणारं फर्निचर जोडण्यापुरता.

२०२४ च्या जूनमध्ये माझं प्रोजेक्ट संपलं. आम्हा कन्सल्टंट लोकांच्या भाषेत मी 'बेंच'वर आलो, आणि दोनच आठवड्यांत कंपनीने बेंचही काढून घेतला. एच-वनवाल्यांना पुढचं गणित सांगायला नको. जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नव्या कंपनीचे कागद दाखल झाले तर ठीक, नाहीतर बॅगा भरा. त्यात आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांना सांगायचं नाही, असं मी आणि बायकोने ठरवलं. सकाळी नऊला मी लॅपटॉप घेऊन बेसमेंटमध्ये जायचो, 'घरूनच काम आहे' म्हणायचो. अकरापर्यंत सगळे अर्ज पाठवून व्हायचे. मग दिवसभर करायचं काय? म्हणून गॅरेज.

आमच्या घराजवळ टाइल्सचं एक दुकान आहे. त्याच्या मागे पॅलेटची थप्पी असते. पॅलेट म्हणजे फोर्कलिफ्टने माल उचलायला खाली घालतात ती लाकडी चौकट. मालकाला विचारलं, तो म्हणाला, हवी तेवढी ने. विचारल्याशिवाय मात्र उचलू नका, आणि रंगवलेली तर मुळीच नको. निळी पॅलेट भाड्याने फिरवणाऱ्या कंपनीच्या मालकीची असतात, कचऱ्यापाशी पडलेली दिसली तरी.

घरी आणायच्या आधी बाजूला मारलेला शिक्का बघा. गव्हाच्या लोंबीसारखं चित्र, देशाची दोन अक्षरं, आणि पुढे एच टी किंवा एम बी. एच टी म्हणजे लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला निदान ३० मिनिटं तापवलंय. एम बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलीय. ते घरात आणूच नका. एका देशातली कीड लाकडातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ मध्ये हा आंतरराष्ट्रीय नियम झाला. कीड काय करू शकते हे आपल्याला मिशिगनमध्ये वेगळं सांगायला नको. ॲशची झाडं पोखरणारा तो हिरवा भुंगा त्याच २००२ मध्ये आपल्या डेट्रॉइटजवळच पहिल्यांदा सापडला. तो बहुधा पॅकिंगच्या लाकडातूनच आशियातून आला. आपल्या गल्ल्यांमधली तोडलेली झाडं आठवा.

देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटवर शिक्का असेलच असं नाही. मी शिक्का नसलेली घेत नाही, आणि तेलकट डाग किंवा विचित्र वास असलेलीही नाही. आणि शिक्का कितीही चांगला असला तरी या लाकडाचा पोळपाट किंवा बाळाचा पाळणा करू नका. त्यावर वाटेत काय सांडलं होतं हे शिक्का सांगत नाही.

पहिला पूर्ण आठवडा मी फळ्या फोडण्यात घालवला. 'फोडण्यात' हा शब्द अगदी बरोबर आहे. पहारीने फळी उचकटायची, की ती खिळ्यापाशी उभी चिरते. कारण पॅलेटचे खिळे साधे नसतात, त्यांना स्क्रूसारखे पीळ असतात. निघू नयेत म्हणूनच ते तसे केलेले असतात! चार पॅलेटमधून माझ्या हाती धड अशा सहा फळ्या आल्या, आणि तळहातात कुसळं किती गेली ते विचारू नका. चामड्याचे हातमोजे आणि चष्मा मी त्यानंतर आणले. तुम्ही आधी आणा.

त्या शुक्रवारी दुपारी बाबा गॅरेजमध्ये आले. काही विचारलं नाही. फळीचं दुसरं टोक धरून उभे राहिले. बाबा जन्मभर बँकेत कॅशियर होते, सुतारकामातलं त्यांनाही ओ की ठो कळत नाही. पण मोजण्याची सवय जात नाही. जमिनीवरचे खिळे गोळा करून, ठोकून सरळ करून, दह्याच्या रिकाम्या डब्यात दहा-दहाचे गठ्ठे करून ठेवायला लागले. ते वाकडे खिळे परत वापरायचे नाहीत हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

दोन दिवसांनी टेप घेऊन तेच म्हणाले, "अरे, तू खिळे काढतोस कशाला? खिळ्यांच्या मधलं लाकूड घे की." इथलं नेहमीचं पॅलेट ४८ बाय ४० इंचाचं. खाली तीन जाड आडवे, त्यांच्यावर ४० इंची फळ्या ठोकलेल्या. खिळे फक्त आडव्यांवर. आडव्याला लागून दोन्ही बाजूंनी सर्क्युलर करवत फिरवली की मधला तुकडा सुटतो. साधारण साडेसतरा इंच, एकही खिळा नसलेला. एका फळीचे दोन तुकडे. उचकटणं नाही, चिरणं नाही. आठवड्याचं काम एका दुपारचं झालं.

साडेसतरा इंचाचं काय करायचं? शू-रॅकला लहान, बाकाला तर फारच लहान. आईने स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि म्हणाली, "पाटाएवढं आहे." खरंच होतं! साडेतीन इंच रुंदीचे चार तुकडे शेजारी ठेवले की १४ इंच. नवशिक्याने पहिली वस्तू म्हणून पाटच करावा असं माझं मत आहे. ना खण, ना बिजागरी, ना दार. काटकोनाची चूकही फारशी दिसत नाही. फळी घासून अर्ध्या इंचाची उरते, म्हणून खाली तीन पट्ट्या लागतात, दोन कडांना आणि एक मधे. त्यासाठी मी दुकानातून 'वन बाय टू' आणली, कारण पॅलेटच्या आडव्यांत खिळ्यांचे तुकडे अडकलेले असतात. खालून एक इंचाचे स्क्रू, डोकी थोडी आत बुडवून. आधी ड्रिलने भोक पाडा, नाहीतर ओक असेल तर स्क्रूचंच डोकं तुटतं. मग ८०, १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर. घासताना मास्क हवाच.

वरून जवसाचं तेल. आई खोबरेल म्हणत होती, ते वाळत नाही. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, आणि बोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर एकेक पसरून वाळवायची, मगच कचऱ्यात.

५१व्या दिवशी नव्या कंपनीने माझे कागद दाखल केले. त्या रात्री मी आई-बाबांना सगळं सांगितलं. आई रडली. बाबा म्हणाले, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. नोकरीवरचा माणूस दुपारी दोनला गॅरेजमध्ये नसतो." मग विचारलं का नाही, असं मी म्हटलं. "तू सांगितलं नाहीस, म्हणून विचारलं नाही," म्हणाले, आणि टीव्हीकडे वळले. मग खिळे का सरळ करत होता, हेही मी विचारलं नाही.

सप्टेंबरमध्ये गणपती आले. या पाटावर बसवू म्हटलं तर आई म्हणाली, "परक्याच्या मालाखालचं, कचऱ्यातलं लाकूड देवाला?" मला उत्तर सुचेना. बाबांनी सांगितलं की सांगलीच्या घरातला पाट, ज्यावर आईने चाळीस वर्षं गणपती बसवला, तो जुन्या घराचं दार मोडून सुताराने केलेला आहे. आईला हे माहीत नव्हतं. तिने मला पाट आणखी एकदा घासायला लावला, स्वतः पुसून घेतला आणि वर लाल कापड घातलं. गणपती बसला.

नोव्हेंबरमध्ये आई-बाबा परत गेले आणि जानेवारीत पाट तडकला! रात्री 'टक' असा आवाज झाला. चूक माझीच. फटीतून भात पडेल असं आई म्हणाली म्हणून मी चारही फळ्या एकमेकींना गोंदाने चिकटवल्या होत्या, वर खालच्या पट्ट्यांनाही गोंद. उन्हाळ्यात लाकूड दमट हवेत फुगलेलं असतं. इथे हिवाळ्यात फर्नेस चालू झाला की हवा कोरडी होते आणि फळी रुंदीत आकसते. तिला हलायला जागा नसेल तर ती चिरते. आता मी गोंद वापरत नाही. प्रत्येक फळी आपापल्या स्क्रूवर, आणि दोन फळ्यांमध्ये पेनीच्या जाडीएवढी फट. भात पडतो, पण पाट टिकतो.

बाबांना व्हिडिओवर तडा दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती मिलिमीटर?" मोजून सांगितलं, तीन. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

तर मंडळी, आतापर्यंत सात पाट झालेत. आपल्या गणपतीच्या पंगतीला २४ लागतील, असं अध्यक्षबाईंनी मघाशीच मोजून सांगितलं. शिक्का बघून आणलेली पॅलेट माझ्या गॅरेजमध्ये आहेत. पुढच्या शनिवारी दहा वाजता या, हातमोजे आपापले आणा. चहा आहे. दह्याचे रिकामे डबे असतील तर तेही आणा, स्क्रू ठेवायला कमी पडतायत.

चला जेवायला.