मांत्रिकाचा मंत्र आणि माणसाचा श्वास
(गांवच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



पावसाळा तोंडावर आला, म्हणजे शेतकरी-मजुरांच्या घरीं सांपाच्या भयाचे दिवस आले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत हिंदुस्थानांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें मेलीं, असा संशोधकांचा अदमास २०२० सालीं प्रसिद्ध झाला. निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. हीं माणसें कोण? अनवाणी भात लावणारीं, गवत कापणारीं, भुईवर घोंगडी टाकून निजणारीं. माडीवर मच्छरदाणींत निजणाऱ्यास मण्यार सहसा गांठीत नाहीं.

आतां मांत्रिकाची कीर्ति कशी होते तें पाहा. आपल्याकडील बहुतेक सांप बिनविषारी. विषारी सांप चावला तरी दर वेळीं विष सोडतोच असें नाहीं. असा मनुष्य मारुतीच्या देवळांत निजवा, त्याला कडुलिंबाचा पाला चारा, किंवा नुसता घरीं बसवा; तो जगणारच. श्रेय मात्र भगत घेतो, वर नारळ-कोंबडें घेतो. खरी मण्यार चावून रोगी दगावला, कीं ‘कोणाचा तरी विटाळ झाला’ म्हणून एखाद्या गरीब बाईकडे बोट दाखवितो. जगला तर मंत्र, मेला तर दैव! भटजीच्या पंचांगावर आपण सभांतून तोंडसुख घेतों. पण हा भगत बहुधा आपल्याच भावकींतला, म्हणून सारे गप्प! सर्पदंश झालेल्यास दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्र-गंडेदोरे करणें हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे, हेंही त्यास सांगून ठेवा.

मुख्य विषारी सांप चार. नाग व मण्यार यांच्या विषानें पापण्या जड होतात, जीभ अडखळते, शेवटीं श्वास थांबतो. घोणस व फुरसें यांच्या विषानें रक्त गोठेनासें होतें. घोड्याच्या रक्तांतून तयार केलेली एकच लस या चौघांवरही चालते; तिच्याइतका खात्रीचा उतारा दुसरा नाहीं. म्हणून जखम कापूं नका, चोखूं नका, दोरीनें आवळूं नका. आवळल्यानें हातपाय सडतो. अंगठ्या, बांगड्या, जोडवीं काढा. चावलेला हातपाय काठीच्या आधारानें न हलेल असा ठेवा. रोग्यास चालवूं नका आणि १०८ वर गाडी बोलवा. सांप मारण्यांत वेळ दवडूं नका. मण्यारीचा दंश पुष्कळदां कळतही नाहीं. पहांटे पोटांत कळ आली, डोळे उघडेनात, तर अपचन समजून ओवा देत बसूं नका.

वाटेंत रोगी हाकेस ओ देईना व श्वासही थांबला, तर मेला म्हणून तिरडीची तयारी करूं नका. उताणा निजवा. छातीच्या मधोमध तळहाताची टांच ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, दोन इंच खोल दाबा. मिनिटास १०० ते १२० वेळां. तीस दाब झाले कीं डोकें मागें करून, हनुवटी उचलून, नाक चिमटींत धरून तोंडावाटे दोन श्वास द्या. छाती वर आली पाहिजे. दवाखाना हातीं येईपर्यंत हें थांबवूं नये. एक थकला कीं दुसऱ्यानें बसावें. विहिरींत बुडालेल्यासही हेंच करावें, मात्र आरंभ श्वासानें करावा. त्यास उलटा टांगून, पोट दाबून पाणी काढण्याची रीत घातक आहे. पोटांतलें वर येऊन श्वासनळींत जातें.

येथें एक अडचण आहे, ती मी बोलून दाखवितों. तोंडाला तोंड लावावयाचें तर कोणाच्या? ज्या गांवांत पाणी वरून ओतण्याची चाल होती, तेथें हा प्रश्न मनांत येणार. परक्या स्त्रीच्या छातीस हात कसा लावावा, हाही येणार. मेंदूस चार-पांच मिनिटें वारा मिळाला नाहीं कीं इजा होऊं लागते. तेवढ्या वेळांत जात विचारून होते, पण माणूस हातचा जातो. म्हणून दर वाड्यांत, दर वस्तींत दोन पुरुष व दोन स्त्रिया तरी शिकलेल्या पाहिजेत. ग्रामपंचायतीनें उद्यांच आरोग्य केंद्रांत जाऊन लस शिल्लक आहे कीं नाहीं तें विचारावें.

समोर धान्याचें पोतें ठेविलें आहे. एकेकानें पुढें येऊन दाबून पाहावें. बायांनीं आधीं यावें.