उरलेल्या औषधाची बाटली



आरोग्यावर बोलायला गणिताच्या शिक्षिकेला उभे केले, याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु या विषयाचे शिक्षण मी माझ्याच घरात, माझ्याच चुकीने घेतले आहे.

धाकटी मुलगी चार वर्षांची असताना तिला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. कपाटात थोरल्यासाठी आणलेल्या अँटिबायोटिकची अर्धी बाटली होती. अम्मी म्हणाल्या, "दे की, त्याला गुण आलाच होता." मी दिले. ताप थोडा उतरला आणि तिसऱ्या दिवशी थंडी वाजून चढला. डॉक्टरांनी विचारले, "आधी काही दिले होते का?" क्षणभर खोटे बोलावेसे वाटले, हे कबूल करते.

त्या प्रश्नाचे कारण मला मागाहून कळले. लहान मुलाच्या नुसत्या तापामागे काही वेळा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो. तो ओळखण्यासाठी लघवीचे कल्चर करतात. अँटिबायोटिकचा एखादा डोस आधी गेला असेल तर कल्चरमध्ये जंतू उगवेनासे होऊ शकतात, आणि मग डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागते. आमचे नशीब असे की जंतू उगवला. तो ई. कोलाय होता. अहवालात औषधांची नावे होती आणि पोटात घ्यायच्या बहुतेक औषधांपुढे 'आर' होता. म्हणजे जंतू त्यांना दाद देत नाही. मुलीला इस्पितळात ठेवून शिरेतून इंजेक्शने द्यावी लागली.

हा जंतू बाहेरून येतो असे नाही; बहुधा आपल्याच आतड्यातला असतो. खोकल्यासाठी घेतलेले औषध आतड्यापर्यंतही पोचते. तेथले लेचेपेचे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि कित्येक महिने मुक्काम करतात. शिवाय ते आपली ही विद्या शेजारच्या जंतूंना देतात. जपानी संशोधकांनी 1959 साली हे दाखवून दिले. 1961 साली ॲम्पिसिलिन बाजारात आले तेव्हा ते ई. कोलायवर चालत असे. आज आपल्या देशात त्याचा भरवसा राहिलेला नाही. खोकला तर बहुधा विषाणूंचा. त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. म्हणजे थोरल्याला ते मुळात लागतच नव्हते!

आता माझ्या विषयाचे थोडे. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. शाळेचे सहा तास म्हणजे अठरा दुपटी, एकाचे 2,62,144. मूत्राशयात त्याला इतकी सोय नसते आणि लघवीबरोबर पुष्कळ जंतू वाहून जातात. पण लघवी झाली तर. माझ्या वर्गातल्या कित्येक मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. शाळेचे शौचालय घाण, कडीला दोरी बांधलेली, नळ कोरडा. म्हणून घरी जाईपर्यंत त्या कळ सोसतात. बद्धकोष्ठाची त्यात भर. मग संसर्ग, मग औषध, पुन्हा संसर्ग, पुन्हा औषध. विश्वस्तांनी महोत्सव निधीतून सभागृहाला नवा पंखा बसवला, त्याचा वारा मी आत्ता घेतेच आहे. तरी पुढच्या अंदाजपत्रकात मुलींच्या शौचालयासाठी पाण्याची टाकी आणि रोजच्या सफाईचा पगार धरावा, अशी माझी विनंती आहे.

माझी मुलगी आता नववीत आहे. तिच्या एका मूत्रपिंडावर व्रण राहिला आहे. दरवर्षी रक्तदाब तपासावा लागतो. डॉक्टर म्हणतात, उपचारास उशीर झाला की असे होऊ शकते. ते दोन दिवस माझे होते.