बिल्ला जपावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. चारचौघींपुढे बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे. ‘कुकीज’ हा विषय ऐकून आज खाऊची कृती मिळणार असे काहींना वाटले असेल. पण माझ्या कुकीज भट्टीतल्या नव्हेत, संगणकातल्या आणि मोबाइलमधल्या आहेत.

गेल्या श्रावणात मला छातीत गाठ लागली. घरात कोणाशीच बोलले नाही. मुलगी बारावीला, ह्यांच्या मागे कामाची घाई. एका दुपारी घरच्या संगणकावर त्या गाठीविषयी वाचले, दोन-तीन रुग्णालयांची पाने पाहिली आणि सारे बंद केले. बंद केले म्हणजे मिटले, अशी माझी समजूत!

दोन दिवसांनी मुलगी त्याच संगणकावर अभ्यासाला बसली, तर गणिताशेजारी कर्करोगाच्या तपासणीची जाहिरात. दुसऱ्या दिवशीही तीच. चौथ्या रात्री ती माझ्या अंथरुणाशी येऊन हळूच म्हणाली, “आई, तुला काही झालंय का?” जे मी तोंडाने सांगितले नव्हते, ते यंत्राने सांगितले होते. पुढे तपासणीत गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण पोरीने त्या रात्री डोळ्याला डोळा न लावता काढल्या, हे मी विसरणार नाही.

मग भाच्याने मला सारे समजावले. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना? तशीच ही कुकी. आपण एखाद्या संकेतस्थळावर गेलो की ते आपल्या यंत्रात एक लहानशी नोंद ठेवते आणि पुन्हा गेल्यावर तिच्यावरून आपल्याला ओळखते. लू माँटुली नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९४ साली ही युक्ती काढली. ती नसती तर पान बदलताच टोपलीतला माल नाहीसा झाला असता. म्हणजे कुकी मुळात वाईट नव्हे.

पण दुसऱ्याही एक प्रकारच्या असतात, जाहिरातवाल्यांच्या. वाणी, कापडवाला, औषधवाला, प्रत्येकाच्या दुकानात एकच परका माणूस वही घेऊन बसला आहे असे समजा. तुम्ही कुठे गेलात, काय पाहिलेत, सारे त्याच्या वहीत. यांना ‘थर्ड-पार्टी कुकीज’ म्हणतात. माझे गुपित फुटले ते असे.

आणखी एक धोका आहे. बिल्ला चोरीला गेला तर चपला चोराच्या! लबाड सॉफ्टवेअर यंत्रात शिरले, तर ते कुकी पळवते आणि चोर पासवर्डवाचून आपल्या खात्यात शिरू शकतो.

तर घरी गेल्यावर एवढे करा. क्रोममध्ये कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबून ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जा आणि थर्ड-पार्टी कुकीज बंद करा. तिथेच जुन्या कुकीज पुसताही येतात. मात्र पुसल्यावर खात्यांत पुन्हा शिरावे लागते, म्हणून पासवर्ड आधी हाताशी ठेवा. ‘कुकीज स्वीकारा’ असे विचारले आणि नकाराचे बटण असले, तर खुशाल नकार द्या. बँकेचे काम झाले की ‘लॉग आउट’ करावे, नुसते पान मिटू नये. सामाईक संगणकावर खासगी वाचायचे तर ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडा. ती मिटली की तिच्यातल्या कुकीज यंत्रात राहत नाहीत. संकेतस्थळाला मात्र आपली भेट कळतेच, हे ध्यानात असू द्या.

आणि शेवटचे. गाठ लागली तर आधी डॉक्टरांकडे जा आणि घरच्यांशी बोला. आपल्या माणसांना आपले दुखणे आपल्या तोंडून कळावे, जाहिरातीतून नव्हे.